तोंड तिकडे करा, बाई

रस्त्यात गाठून लोक मला अजूनही आपले पासवर्ड सांगतात. बाजारात भाजी निवडत असते, मागून हाक येते, "बाई, ओळखलंत का? मी अमक्याचा तमका. तुमच्याकडे मेल काढला होता. पासवर्ड अजून तोच ठेवलाय हो!" मी "नको रे बाबा, सांगू नकोस" म्हणेपर्यंत गडी भर बाजारात तो मोठ्यांदा बोलून मोकळा. भाजीवालीने ऐकला, रिक्षावाल्याने ऐकला. मी कपाळाला हात लावते, तर त्याला वाटतं बाईंना जुन्या आठवणींनी भरून आलं.

मी मूळची टायपिंगची बाई. खेडला एसटी स्टँडपासून जवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा क्लास होता. आमचे हे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत रात्रपाळीवर, घरी दिवसा झोपलेले, आणि पुढे टाइपरायटरचा खडखडाट. त्या आवाजात हा माणूस कसा झोपला, देव जाणे. मग कॉम्प्युटरचे दिवस आले. टायपिंगला येणारी पोरं कमी झाली. तेव्हा मी हिय्या करून जुनी यंत्रं काढून टाकली, चार कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ छत्री कोपऱ्यात उभी करून खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "एक चहा. साखर कमी." दिला मी चहा. करते काय! पुढे ते माझे नेहमीचे गिऱ्हाईक झाले, दोन्ही गोष्टींसाठी.

आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आधी मशीन किरकिर करायचं, मग शिट्ट्या मारायचं, मग कधी लागायचं, कधी नाही. लागलं तरी पान उघडेपर्यंत माणसाचं गावचं सगळं सांगून व्हायचं. माझ्याकडे येणारे बहुतेक मेलसाठी येत. कुणाचा मुलगा आखातात, कुणाचा जहाजावर, कुणाची मुलगी पुण्याला शिकायला. मी त्यांना मेलचा पत्ता काढून द्यायचे आणि पासवर्ड म्हणजे काय ते समजावायचे.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या बाजूची निम्मी घरं मुंबईला. जाताना घराला कुलूप लावायचं आणि चावी शेजारी द्यायची. शेजारीण तिन्हीसांजेला दार उघडते, देवापुढे दिवा लावते, केर काढते, वाळवी लागली का बघते. चावी न देता कुणी गेलं तर तो शेजाऱ्याचा अपमान, पुढच्या शिमग्यापर्यंत अबोला. आणि मी काय सांगितलं लोकांना? "पासवर्ड म्हणजे चावी." झालं! चावी म्हटल्यावर ती शेजारी द्यायलाच हवी ना. प्रत्येकाने इमानेइतबारे शेजाऱ्याला पासवर्ड सांगितला. लोट्याच्या एका मुलाला मुलाखतीचं बोलावणं मेलवर आलं. ते त्याच्या शेजाऱ्याने आधी वाचलं आणि कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांदेखत त्याचं अभिनंदन केलं. दुसऱ्या एकाची सगळी जुनी पत्रं एका दिवसात नाहीशी झाली. मी घाबरले, म्हटलं कुणी चोर शिरला. चौकशी केली तर शेजारचे आबा शांतपणे म्हणाले, "मीच काढली. लय साचलं होतं. केर काढला."

पासवर्ड तरी काय असायचे? ज्याच्या त्याच्या ग्रामदेवतेचं नाव. देवीपेक्षा मोठा राखणदार कोण, हा युक्तिवाद. मी म्हणायचे, "अहो, गावातल्या प्रत्येकाला देवीचं नाव ठाऊक आहे." त्यावर उत्तर, "मग? गावातला माणूस देवीची शपथ मोडील काय?" बोला आता.

मी हट्टाला पेटले. नियम केला की माझ्या दुकानात पासवर्ड कुणी मोठ्याने बोलायचा नाही आणि मी स्वतः तो कधी बघणार नाही. गिऱ्हाईक तो टाकायला लागलं की मी खुर्ची फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसे. मशीन विचारायचं, 'हा पासवर्ड लक्षात ठेवू का?' ते मी बंद करून टाकलं होतं. हळूहळू लोकांना मजा वाटू लागली. बटणांवर बोट ठेवून ऐटीत म्हणायचे, "तोंड तिकडे करा, बाई!" बायकांना तर फारच. नीट बघितल्यावर मला त्याचं कारण कळलं. आमच्याकडच्या बाईच्या वाट्याला स्वतःचं कुलूप कधी आलंच नाही. ट्रंकेची चावी सासूच्या कमरेला, कपाटाची नवऱ्याच्या खिशात. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी मिळालं होतं जे फक्त तिलाच उघडता येतं. लोक म्हणतात, पासवर्ड चोरांसाठी असतो. मला ते पूर्ण पटलेलं नाही. चोर येवो न येवो, माणसाला स्वतःचा एक खण असावा.

मालतीकाकींचा खण मीच काढून दिला होता.

मालतीकाकी खेडच्या आतल्या एका गावातल्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक अंगाच्या, बोलताना तोंडावर पदर धरायच्या. त्यांचे यजमान दत्तूकाका आंब्याचे बागायतदार, तोंडाने फाटके. एकुलता एक मुलगा महेश. त्याने बाग बघावी ही बापाची इच्छा. मुलाला आखातातली नोकरी मिळाली आणि तो जायला निघाला. बाप म्हणाला, गेलास तर या घराचं दार तुला बंद. मुलगाही त्यांचाच. गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव काढायची बंदी. फोन आला तर काका ठेवून द्यायचे. मग काकी माझ्याकडे आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं ओळखीची. मला म्हणाल्या, "बाई, मला तुमच्यासारखं बडवता येईल काय?"

शिकवलं. एका बोटाने बडवायच्या, पण स्वतः बडवायच्या. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. मेल काढताना मशीन एक प्रश्न निवडायला सांगतं. पासवर्ड विसरलात तर तो प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं की दार उघडणार. मी एकेक प्रश्न मराठीत करून सांगत होते. "पाळलेल्या प्राण्याचं नाव?" "गोठाभर गुरं आहेत, कोणाचं सांगू?" "पहिल्या गुरुजींचं नाव?" "ते मारकुटे होते, नको त्यांचं नाव." "नवऱ्याला तुम्ही पहिल्यांदा कुठे भेटलात?" काकींनी तोंडावर पदर ओढला. मग पदराआड हसल्या. "हा बरा आहे," म्हणाल्या. "तोंड तिकडे करा, बाई."

मी कॅलेंडरकडे बघत बसले.

दर बाजारच्या दिवशी दत्तूकाका त्यांना स्कूटरवरून आणून सोडायचे. आत कधी यायचे नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून माझ्या दाराकडे बघत राहायचे. एक दिवस मात्र काकी बाजारात गेल्या असताना आत आले. छत्री आपटली.

"बाई, हिचा तो शब्द काय आहे?"

"कुठला शब्द, काका?"

"पेटी उघडायचा. नवरा आहे मी तिचा."

"मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असता तरी सांगितला नसता."

"नवऱ्याला नाय सांगणार? हा कुठला न्याय? लग्नाच्या बायका नवऱ्यापासून लपवून ठेवतात, असला धंदा उघडलाय तुम्ही!" आवाज चढला. दोन पोरं मशीनवरून उठून उभी राहिली.

मीही काही कमी नाही. म्हटलं, "काका, तुम्ही दार बंद केलंत, त्यांनी खिडकी काढली. ओरडायचं तर घरी ओरडा. इथे लोक काम करतायत."

वाटलं, आता हा माणूस मशीन उचलून फेकणार. पण ते एकदम खाली बसले. टोपी काढली, परत घातली. मग पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बरा आहे ना तो? एवढंच विचारतो."

मीही आवाज उतरवला. मी म्हटलं, "काका, खरंच मी वाचत नाही. पण काकी बाहेर पडताना हसत होत्या. त्यावरून समजा." त्यांनी मान हलवली आणि परत टपरीवर जाऊन बसले. त्यानंतर दर वेळी काकी बाहेर आल्या की ते आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, मग स्कूटर सुरू करायचे. काकींना हे कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल तर मला बोलल्या नाहीत.

अशी काही वर्षं गेली. मग एका ऐन आंब्याच्या दिवसांत, बागेत माणसं चढलेली, पेट्या भरायचं काम चाललेलं, आणि दत्तूकाका माझ्या दारात उभे. अंगावर बागेतलाच चिकाने डागळलेला सदरा.

"मालती पडली," म्हणाले. "उजवं अंग गेलं. वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, मुलाला बोलवा. आता काय सांगता येत नाय."

महेशचा नंबर कुणाकडे नव्हता. त्याच्या मुंबईच्या मित्राकडे होता तो जुना, लागत नव्हता. त्याने नोकरी बदलली होती, कंपनीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्याचा पत्ता जगात एकाच ठिकाणी होता, काकींच्या मेलमध्ये. आणि त्या दाराला मी शिकवल्याप्रमाणे पक्कं कुलूप होतं. काकींनी तो शब्द शेजारणीला सांगितला नव्हता. कधी नव्हे ते एका माणसाने माझं ऐकलं होतं! मशीनला लक्षात ठेवू दिलं असतं तर एका बोटाने दार उघडलं असतं. तेही मीच बंद केलेलं. स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

"एक वाट आहे," मी म्हटलं आणि प्रश्न पडद्यावर आणला. "काका, काकी तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटल्या?"

अशा वेळीही त्यांची मान जरा ताठ झाली. "कुठं म्हणजे? चिपळूणला, तिच्या मामाकडं. मी बघायला गेलो होतो. पोहे खाल्ले, पसंत केली."

मी चिपळूण टाकलं. चूक.

"असं कसं होईल? बघा नीट." मी परत टाकलं. परत चूक. मग काका म्हणाले, तिचं माहेर दापोलीकडचं, दापोली टाका. चूक. लग्न आमच्या गावात झालं, गावाचं टाका. चूक. आणि पडद्यावर तांबडी अक्षरं आली की आता बस, उद्या या. फार चुका झाल्या की पेटी दिवसभर अडकून पडते. मीच लोकांना सांगायचे, ही सोय चांगली, चोराला वैताग येतो.

दत्तूकाका पडद्याकडे बघत राहिले. "माझ्या बायकोला मी कुठं भेटलो, ते मला ठाऊक नाय," म्हणाले. हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. काकी पलंगावर, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र जागे. मला बघून ते भरले. मी जवळ बसले आणि सावकाश सांगितलं, "काकी, महेशला कळवायचंय. मशीन तो प्रश्न विचारतंय. काका गावांची नावं घेतील. बरोबर नाव आलं की त्यांचा हात दाबा." त्यांचा डावा हात काकांनी हातात घेतला. मला वाटतं, चारचौघांत पहिल्यांदाच घेतला असावा, कारण कसा धरायचा ते त्यांना कळत नव्हतं.

"दाभोळ?" हात तसाच. "गुहागर? रत्नागिरी?" काही नाही. "अगो मालते, मुंबई तर नाय ना?" काही नाही. सुचतील ती गावं घेऊन झाली. मग काका थकून म्हणाले, "आता राहिलं काय? खेड?"

हात दाबला गेला. मला दिसलं, बोटं पांढरी झाली.

"खेड?" काका माझ्याकडे बघायला लागले. "खेडात कुठं भेटलो आम्ही? काय तरी चुकतंय तिचं." काकींनी परत हात दाबला आणि डोळे मिटले.

आम्ही दुकानात आलो. मी खेड टाकलं आणि दार उघडलं. नवीन पासवर्ड टाका, असं मशीनने सांगितलं. मी उठून काकांना खुर्ची दिली, म्हटलं, "टाका काय ते," आणि कॅलेंडरकडे तोंड केलं. मागून एकेका बटणाचा आवाज येत होता. झाल्यावर म्हणाले, "आता हा तिच्या कानात सांगायला पायजे."

पडद्यावर पत्रंच पत्रं होती. वर्षानुवर्षांची, मुलाची आणि आईची. ज्या माणसाने एकेकाळी माझ्या दुकानात छत्री आपटली होती, त्याच्यासमोर ती सगळी उघडी पडली होती. मी विचारलं, "काका, वाचून दाखवू?"

त्यांनी पडद्याकडे एकदा बघून घेतलं. मग खुर्ची सरकवून रस्त्याकडे तोंड करून बसले. "नको. तिचं आहे ते. मला नुसता त्याचा पत्ता पायजे. लिहा तुम्ही."

"काय लिहू?"

"आई आजारी. ताबडतोब निघ."

"काका, ही तार नाही. शब्द कितीही लिहिले तरी चालतात."

शब्द कितीही चालतात हे ऐकून तर ते पुरते अडकले. रस्त्यावरून एक एसटी गेली, दुसरी गेली. मग म्हणाले, "लिहा, यंदा आंबा चांगला आलाय. उतरवायला माणूस मिळत नाय." मी लिहिलं. "लिहा, आई डाव्या हाताने हात दाबते. कळतं तिला सगळं." लिहिलं. "खाली नाव?" मी विचारलं. त्यांना हुंदका आवरेना. खांद्यावरचा पंचा तोंडात धरला आणि म्हणाले, "बाबा लिहा."

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. निघतो, एवढंच होतं.

मधले दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही. काकींना कधी बरं वाटे, कधी श्वास लागे. मी रोज पेज घेऊन जायचे. काका बाग माणसांवर टाकून पलंगाशी बसलेले. आंबे झाडावर पिकून पडतायत म्हणून निरोप यायचे, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मधूनच मला विचारायचे, "खेडात कुठं हो, बाई?"

महेश आला तेव्हा मी तिथेच होते. बॅग दारातच ठेवून तो आईजवळ धावला. काकींनी त्याचं तोंड डाव्या हाताने चाचपलं, केस, कान, पुन्हा तोंड. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. त्या खोलीतल्या परक्या बायकाही रडल्या, मी तर रडलेच. दत्तूकाका स्टुलावरून उठले आणि भिंतीला लागून उभे राहिले. बाप आणि मुलगा इतक्या वर्षांनी समोरासमोर. मुलगा त्यांच्याकडे बघेना, बाप त्याच्यावरची नजर काढेना. मी म्हटलं, आता जुनं काही निघतं की काय.

काकांनी घसा साफ केला.

"खेडला कुठं रे?"

महेशला कळेना. मी घाईघाईने मशीनचा प्रश्न, चिपळूण, दापोली, सगळं सांगितलं. तो आधी आईकडे बघायला लागला, जणू परवानगी मागतोय. काकींनी पापण्या मिटून हो म्हटलं.

"एसटी स्टँडवर, बाबा," तो म्हणाला. "आई खेडला तिच्या आत्याकडे शाळेला होती तेव्हा. एका म्हाताऱ्या कोळणीची टोपली कंडक्टर गाडीत घेईना. तुम्ही खाली उतरून त्याच्याशी भांडलात. मग टोपली स्वतः डोक्यावर घेऊन शिडीने टपावर चढवलीत. माशांचं पाणी तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावरून खाली गळत होतं आणि तुम्ही तसेच गाडीत जाऊन बसलात. कुणी जवळ बसेना. आईने मला लिहिलं होतं, तुझे बाबा भांडखोर आहेत, पण मी त्यांना पहिल्यांदा भांडताना बघितलं ते दुसऱ्यासाठी. त्यांच्यावर राग धरू नकोस. दर दोन-चार पत्रांत हेच लिहायची."

"मला कायच आठवत नाय," काका म्हणाले.

"पुढे तिच्या मामाने स्थळांचे फोटो आणले. त्यात तुमचा निघाला. आईने तेव्हाच सांगितलं, हाच."

"आणि मग मी चिपळूणला बघायला गेलो, पोहे खाल्ले, ते काय होतं?"

महेशने डोळे पुसले. त्याला रडता रडता हसू आलं. "आईने लिहिलं होतं, ते तुमच्या समाधानासाठी."

काकींच्या अर्ध्या तोंडाला हसू फुटलं. दत्तूकाका भिंत सोडून पुढे आले, मुलाच्या खांद्यावर हात टेकून पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अगो मालते, इतकी वर्षं मी समजत होतो, पसंत मी केली."